सज्ञान भाडेकरू आणि स्वयंनियुक्त पालक

नागपूर शहरात धरमपेठ, बजाजनगर, प्रतापनगर, मनीषनगर अशा कोणत्याही वस्तीतून तासभर पायी फिरले, तर फाटकांवर आणि विजेच्या खांबांवर टांगलेल्या लहानलहान पाट्यांचे एक स्वतंत्र वाङ्मय वाचावयास मिळते. 'खोल्या किरायाने देणे आहे' एवढे विधान झाले की त्याखाली अटींची मालिका सुरू होते. फक्त फॅमिलीकरिता. फक्त शाकाहारी. एकट्या पुरुषास मिळणार नाही. मुली असल्यास रात्री नऊच्या आत. पाहुणे चालणार नाहीत. पाटीवर न लिहिलेली एक अट फाटकाच्या आत गेल्यावर प्रश्नाच्या रूपाने प्रकट होते : 'आपले आडनाव काय म्हणालात?'

या अटींचे दोन वर्ग पडतात. भाडे किती, अनामत किती, माणसे किती राहणार, पाण्याचा पंप कोणी व केव्हा चालवावा, भिंतीस खिळे ठोकावे की नाही, हा पहिला वर्ग होय. या अटी घराविषयी आहेत आणि त्या घालण्याचा घरमालकास पूर्ण अधिकार आहे. दुसरा वर्ग घरात राहणाऱ्या माणसाविषयी आहे. त्याने केव्हा परतावे, कोणास भेटावे, ताटात काय वाढून घ्यावे, कोणत्या कुळात जन्मास यावे, हे त्यात सांगितलेले असते. या दुसऱ्या वर्गाविषयी आमचे म्हणणे असे की, घर भाड्याने देणारा मनुष्य ठरावीक मुदतीपुरता घराचा उपयोग विकतो. त्या विक्रीबरोबर घेणाऱ्याचे पालकत्व त्याच्याकडे येत नाही. भाडेकरू सज्ञान असतो. त्यास सज्ञानाप्रमाणे वागविले पाहिजे. आणि हेही तितक्याच निक्षून सांगितले पाहिजे की, त्याने सज्ञानाप्रमाणे वागले पाहिजे. आमच्या शहरात या दोहोंपैकी एकही गोष्ट धडपणे होत नाही. घरमालक पालक होऊन बसला आहे, भाडेकरू सोयीप्रमाणे पोर होतो, आणि सरकारने तर दीर्घकाळ दोघांच्याही डोक्यावर मामलेदारी छत्र धरले होते.

घरमालकाची बाजू प्रथम मांडणे न्यायाचे होईल. नागपुरातील घरमालक म्हणजे सावकारी थाटाचा, पेढीवर लोडाला टेकून बसलेला कोणी धनिक, अशी कल्पना करणे चूक आहे. तो बहुधा निवृत्त शिक्षक, लेखापाल किंवा रेल्वेतील नोकर असतो. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम मिळाली तेव्हा त्याने खालच्या घरावर एक मजला चढविला. मुलगा पुण्यास किंवा परदेशी गेला. आणि त्या वरच्या मजल्याचे भाडे हेच आता त्याच्या औषधपाण्याचे साधन आहे. तो मेला तर त्याच्या विधवेचे साधन तेच. अशा मनुष्याने घर परक्याच्या हाती देताना दहा वेळा विचार केला, तर त्यास हसण्याचा अधिकार कोणासही नाही. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण काही कवीच्या कल्पनेतून निघालेली नव्हे. ज्यांच्या ओसऱ्या गेल्या, त्यांच्या अनुभवातून ती निघाली आहे.

आणि आमच्या प्रांतात तर या म्हणीस कायद्याचे पाठबळ मिळाले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरे माणसांनी भरली आणि घरे मात्र बांधली गेली नाहीत. त्यापाठोपाठ फाळणीचे निर्वासित आले. तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने १९४६ साली घरे भाड्याने देण्याच्या नियमनाचा कायदा केला आणि त्याखाली १९४९ साली घरभाडे-नियंत्रणाचा प्रसिद्ध हुकूम काढला. या हुकुमाचा साचा पाहण्यासारखा आहे. भाडेकरूस घर सोडण्याची नुसती नोटीस द्यावयाची, तरी मालकाने आधी भाडे-नियंत्रकाकडे जाऊन लेखी परवानगी मागावयाची. थकबाकी, पोटभाडेकरू, घराची नासधूस, स्वतःची निकड अशी जी कारणे हुकुमात घालून दिली होती, त्यांपैकी एखादे तेथे सिद्ध करावयाचे. परवानगी मिळाली की भाडेकरू अपील करणार. अपिलातून सुटले की मग नोटीस, आणि नोटिशीची मुदत संपली की दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा, म्हणजे पुन्हा श्रीगणेशा! इतकेच नव्हे, तर घर रिकामे झाले की त्याची वर्दी सरकारास द्यावयाची आणि सरकार सांगेल त्या नोकरास किंवा निर्वासितास ते घर द्यावयाचे, अशीही तजवीज त्यात होती.

संकटकाळी असा हुकूम काढला जातो आणि तो काढावाही लागतो. नागपूर ही तेव्हा राजधानी होती. सचिवालयातील शेकडो कारकुनांना डोक्यावर छप्पर पाहिजे होते आणि सिंधमधून आलेल्या कुटुंबांची सोय करणे हे तर माणुसकीचे कर्तव्यच होते. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपण संपले. मध्यप्रदेशची राजधानी भोपाळास गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला, सचिवालय मुंबईस गेले. मात्र राजधानीच्या गरजेसाठी काढलेला हा हुकूम येथेच राहिला! १९९९ चा महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी अमलात येईपर्यंत विदर्भातील मालक आणि भाडेकरू यांचा संसार याच हुकुमाच्या पंखाखाली चालला. ज्या मुलाचा जन्म हुकुमाच्या वर्षी झाला, तो पन्नाशी गाठून गेला तेव्हा कोठे सरकारास उमगले की युद्ध संपले आहे.

पश्चिम महाराष्ट्रात याहून निराळे घडले नाही. मुंबईत पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने १९१८ साली भाड्याचा कायदा झाला होता. १९४७ च्या कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. रुपयाचे मोल पाण्यासारखे वाहून गेले तरी भाडे जागचे हालले नाही. ज्या चाळीचे भाडे तिच्या छपराच्या दुरुस्तीसही पुरेना, ती चाळ कोसळली यात नवल कोणते? त्यातून वाट काढण्यासाठी मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या अनुज्ञप्तीचा, मार्ग धरला. तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेले अनुज्ञप्तिधारक एका रात्रीत भाडेकरू झाले. शेवटी डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयास स्पष्ट म्हणावे लागले की, १९४० च्या पातळीवर गोठविलेले भाडे कालांतराने अन्यायाचे व मनमानीचे झाले आहे.

या सर्व धोरणाच्या मुळाशी एकच समजूत होती. भाडेकरू म्हणजे अज्ञान बालक. त्यास करार करता येत नाही, केलेला करार पाळण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. म्हणून सरकारने त्याचे पालक व्हावे आणि खर्च मात्र घरमालकाने सोसावा. हा लाड कोणाच्या पथ्यावर पडला? ज्यांना घर आधीच मिळाले होते त्यांच्या. ज्यांना मिळावयाचे होते त्यांच्या तोंडावर दारे लागली. देशातील शहरी घरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ साली शेकडा ५४ होते, ते २०११ साली शेकडा २८ वर आले, असे भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीतच नमूद आहे. प्रमाण घटण्यास इतर कारणेही आहेतच. पण त्याच २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली, हे वाचल्यावर संशयास जागा उरत नाही. एकीकडे बिऱ्हाडासाठी वणवण करणारी माणसे आणि दुसरीकडे कुलपे लावलेली घरे! घरमालकाने भाड्यावर पाणी सोडले, पण ओसरी द्यावयास तो धजला नाही.

येथवर घरमालकाच्या बाजूने जे बोलावयाचे ते आम्ही बोललो. यापुढे त्याच्याविरुद्ध बोलावयाचे आहे. कारण ज्या भीतीच्या नावावर तो आपली पाटी लिहितो, त्या भीतीचे कायदेशीर कारण आता उरलेले नाही. १९९९ च्या कायद्याने राहत्या घराच्या अनुज्ञप्तीस स्वतंत्र संरक्षण दिले आहे. लेखी कराराची मुदत संपली की मालकास घर परत मिळाले पाहिजे. न मिळाल्यास त्याने दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्याचे कारण नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा. मुदतीनंतर घर अडवून बसणाऱ्याकडून ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई मिळते. आणि लेखी करारातील मजकूर हाच निर्णायक पुरावा मानला जातो. घर मागण्याची परवानगी ज्या कचेरीत मागावी लागत असे, त्या कचेरीचे दिवस संपले आहेत.

परंतु हे शस्त्र हाती घेण्यास एक कागद लागतो, आणि आमचा घरमालक नेमका तोच कागद करीत नाही. तो मुद्रांकाचा एक कागद आणतो, नोटरीचा शिक्का मारून घेतो, त्यावर अकरा महिन्यांची मुदत घालतो, आणि आपण मोठी मात केली असे समजून निर्धास्त झोपतो. हे अकरा महिने कोठून आले, असे विचारल्यास कोणासही सांगता येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवावी म्हणून कोण्या वकिलाने एक महिना कापला, आणि तो कापलेला महिना पुढे पिढ्यान्‌पिढ्या परंपरा होऊन बसला. वस्तुतः १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम सांगते की, भाडेपट्टा असो की अनुज्ञप्ती, मुदत अकरा महिन्यांची असो की अकरा दिवसांची, करार लेखी पाहिजे आणि तो नोंदलेला पाहिजे. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आणि सर्वांत मर्मावर बोट ठेवणारी गोष्ट ही की, नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे हजार रुपये नोंदणी फी आणि एकूण भाड्यावर शेकडा पाव टक्का मुद्रांकशुल्क वाचविण्यासाठी आमचा हा चतुर गृहस्थ आपल्या घराविषयी बोलण्याचा पहिला अधिकार प्रतिपक्षाच्या हवाली करून मोकळा होतो!

जे कायद्याने हाती दिले ते टाकून द्यावयाचे आणि जे कोणीच दिले नाही ते हिसकावून घ्यावयाचे, असा हा उफराटा व्यवहार आहे. कागद नाही म्हणून धास्ती. धास्ती आहे म्हणून पाळत. भाडेकरूच्या येण्याजाण्याच्या वेळा घरमालकीण खिडकीतून मोजते. त्याच्या मित्राची गाडी फाटकापाशी किती वेळ उभी होती, याचा हिशेब रात्री जेवताना होतो. त्याच्या कचऱ्याच्या डब्यात अंड्याची टरफले आहेत की काय, याचा शोध घेतला जातो. एवढ्या दक्षतेचा निम्मा अंश जरी करारनाम्यावर खर्च झाला असता, तरी वृद्ध दांपत्यास रात्री सुखाची झोप लागती.

आता या पालकत्वाची कायद्याच्या आणि तर्काच्या दोन्ही कसोट्यांवर परीक्षा करू. १८७५ च्या कायद्याप्रमाणे या देशात अठराव्या वर्षी मनुष्य सज्ञान होतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सज्ञान मनुष्यासच करार करता येतो. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्द समजावा, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबीच्या खटल्यात १९०३ सालीच दिला आहे. तेव्हा घरमालकाने एक काय ते ठरवावे. समोर उभी असलेली, मेडिकल कॉलेजात निवासी डॉक्टर म्हणून रात्रपाळी करणारी अठ्ठावीस वर्षांची स्त्री जर स्वतःचे बरेवाईट न समजणारी बालिका असेल, तर तिच्या सहीस किंमत नाही आणि तिच्याकडून अनामत रक्कम घेण्याचा त्यास अधिकार नाही. आणि तिची सही जर करारावर चालत असेल, तर तिने रात्री किती वाजता परतावे हे सांगण्याचा त्यास अधिकार नाही. सही करण्यापुरती सज्ञान आणि सही वाळताच अज्ञान, अशी अवस्था निसर्गात नाही आणि कायद्यातही नाही. जी रात्री दोन वाजता परक्याचे प्राण वाचविते, तिच्यासाठी फाटक नऊला बंद होते, यातील विसंगती फाटक लावणाराच्या लक्षात येत नाही काय?

'आम्ही त्यांच्या आईबापांच्या ठिकाणी आहोत' हे यावरील ठराविक उत्तर आहे. उत्तर ऐकावयास गोड आहे. पण आईबाप दरवर्षी भाडे वाढवीत नाहीत. मुलगी तापाने फणफणली तर आईबाप रात्र जागतात. आजारी पडली तर उगाच नसते लचांड नको म्हणून 'तुझ्या घरच्यांना बोलावून घे' असे सांगत नाहीत. पालकत्वात अधिकार असतो तो जबाबदारीच्या ओझ्याबरोबर येतो. ज्या पालकत्वात ओझे कोणतेच नाही, उलट दरमहा एक तारखेस पैसे मिळतात, त्यास पालकत्व म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. आणि आणखी एक गोष्ट. हे वात्सल्य बहुधा मुलींवरच का ओसंडते? मुलगा रात्री बाराला आला तर तो काम करतो. मुलगी आली तर ती वस्तीचे नाव घालविते. तात्पर्य, जेथे काळजी म्हणून नाव दिले जाते, तेथे पुष्कळदा जुनाच संशय नवे वस्त्र नेसून उभा असतो.

घराचे दार ही दुसरी कसोटी. १८८२ च्या मालमत्ता-हस्तांतरण कायद्यात भाडेपट्ट्याने घर देणाऱ्याची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत एक अत्यंत महत्त्वाचे आहे : भाडेकरू भाडे देत असेल आणि कराराप्रमाणे वागत असेल, तर त्यास घराचा उपभोग विनाव्यत्यय घेता आला पाहिजे. अनुज्ञप्तीस हे कलम जसेच्या तसे लागू नसेल; पण त्यामागील नीती दोहोंसही सारखीच लागू आहे. आमच्याकडे मात्र मालकाच्या कमरेस दुसरी किल्ली असते आणि ती केवळ आगबंबासाठी राखून ठेवलेली नसते. भाडेकरू कामावर गेला की नळ तपासण्यासाठी, पंखा पाहण्यासाठी, किंवा नुसते 'घर कसे ठेवले आहे' हे पाहण्यासाठी आत फेरी होते. विटा मालकाच्या असतील. पण त्या विटांच्या आत आज ज्याचा संसार मांडला आहे, तो संसार काही मालकाचा नव्हे. दुरुस्तीसाठी आत जावे लागते हे खरे. त्यासाठी आदल्या दिवशी सांगावे, दिवसाच्या वेळी जावे आणि दार वाजवून जावे. शेजारधर्मातही आपण एवढे पाळतोच.

यावर शेवटचा आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा आक्षेप येतो : 'घर आमचे, मर्जी आमची.' घर मालकाचे आहे यात वाद नाही. ते भाड्याने द्यावे की नाही ही मर्जीही त्याचीच. पण एकदा ते बाजारात मांडले की मग घेणाऱ्याची पारख कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न मर्जीचा उरत नाही, तो विवेकाचा होतो. भाडे देण्याची ऐपत आहे काय, आधीच्या ठिकाणी वागणूक कशी होती, नोकरीचा दाखला आहे काय, हे विचारावे. पोलीस ठाण्यास माहिती कळविण्याचे आदेश असतात तेव्हा तीही कळवावी. कोणी रात्री दंगा केला, शेजाऱ्यांस त्रास दिला, तर त्या कृत्याबद्दल त्यास घराबाहेर काढण्याची अट करारात घालावी. दोष कृत्याचा असतो. एकटेपण, अन्न किंवा आडनाव हे कृत्य नव्हे.

आडनावाचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी घेतला आहे. कारण बाकीच्या अटी हास्यास्पद आहेत, ही लज्जास्पद आहे. कोलंबियासारख्या विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना कोणी बिऱ्हाड दिले नाही. पारशी नाव धारण करून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला, आणि ज्यांच्याकडे मित्र म्हणून आसरा मागितला त्यांनीही हात वर केले, तेव्हा मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांना एका बागेत बसून काढावा लागला. हे सर्व त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. त्या गोष्टीस शतक उलटून गेले म्हणून आपण निश्चिंत व्हावे काय? अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयीचे आपले संशोधन २०१५ साली प्रसिद्ध केले. त्यांना आढळले ते हेच की, सवर्ण नावाच्या मनुष्यास जे घर मिळते, ते दलित किंवा मुसलमान नावाच्या मनुष्यास पुष्कळदा नाकारले जाते.

आणि कायदा येथे दुबळा आहे. संविधानाचे पंधरावे कलम सरकारास बांधते, दुकाने व उपाहारगृहे यांची दारे सर्वांस उघडते. पण खाजगी घराच्या फाटकापाशी येऊन ते थबकते. गृहनिर्माण संस्थेने आपले सभासदत्व एकाच समाजापुरते राखून ठेवणे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतील एका पारशी संस्थेच्या प्रकरणात वैधही ठरविले. तेव्हा आडनाव विचारणाऱ्या मालकास कोर्टात खेचणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच येथे कायद्याच्या आधी मनाचा प्रश्न आहे. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधी माणसांनी जन्मजात उच्चनीचतेचा त्याग करून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीपासून हाकेच्या अंतरावरील वस्त्यांत आजही 'कालच दिली हो खोली' हे वाक्य आडनाव ऐकल्यावर उच्चारले जाते, आणि पाटी मात्र आठ दिवस तेथेच लोंबत राहते. शिकलेल्या माणसाने बोललेल्या असत्यांत याहून भ्याड असत्य क्वचितच असेल.

भाडेकरू वाचक एव्हाना प्रसन्न झाला असेल. त्याच्या प्रसन्नतेस विरजण घालणे आम्हास भाग आहे. सज्ञानपणा हा काही संध्याकाळी सातनंतर अंगावर चढविण्याचा अंगरखा नव्हे. 'माझ्याकडे कोण येते हे विचारणारे तुम्ही कोण?' असे बाणेदारपणे विचारणारा गृहस्थ एक तारखेस अकस्मात बालक होतो. पगार झाला नाही, गावी लग्न होते, बाबांनी पैसे पाठविले नाहीत. भाड्याचा तगादा लावला की वडिलांचा फोन येतो, 'मुलगा आहे, सांभाळून घ्या!' तीस वर्षांचा मुलगा! ज्याला मालकाचे पालकत्व नको आहे, त्याने आपल्या वडिलांचेही पालकत्व व्यवहारात आणू नये. जावयाच्या दोन महिने आधी भाडे बंद करून 'अनामतीतून वळते करा' असे सांगणे, न विचारता खोलीत चौथा सोबती आणून ठेवणे, जाताना मोडलेले नळ आणि विजेचे बिल मागे ठेवून जाणे, हे सर्व अज्ञानपणाचे प्रकार आहेत. आणि मुदत संपल्यावर 'काय करावयाचे ते करा' म्हणून बसून राहणे याला तर अज्ञानपणही म्हणता येणार नाही. ते शुद्ध अडवणूक होय. कायद्याने अजूनही जुन्या भाडेकरूस पुष्कळ सवलत ठेवली आहे. थकबाकीचा दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत शेकडा पंधरा टक्के व्याजासह सर्व रक्कम भरली की त्याचे घर वाचते. ही सवलत अडचणीत सापडलेल्यासाठी आहे. निर्ढावलेल्याने तिचा धंदा करू नये. प्रत्येक असा भाडेकरू आपल्यामागून येणाऱ्या दहा प्रामाणिक भाडेकरूंच्या पाटीवर एकेक नवी अट लिहून जात असतो.

मग करावयाचे काय? मोठे क्रांतिकारक असे काहीच नाही. करार लेखी करावा, दोघांनी वाचावा आणि नोंदवावा. घरात पंखे किती, दिवे किती, भिंतीस ओल कोठे आहे, याची यादी पहिल्याच दिवशी दोघांच्या सहीने करावी. म्हणजे नेहमीच्या वापराने झालेली झीज आणि हलगर्जीपणाने झालेली मोडतोड यांचा तंटा शेवटच्या दिवशी उपस्थित होत नाही. भाडे तारखेस द्यावे आणि मिळालेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्यावी. अनामत माफक घ्यावी; केंद्र सरकारने २०२१ साली जो आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असे म्हटले आहे. राज्याने कायदा करीपर्यंत तो मसुदा कोणास बांधत नाही हे खरे. पण चांगली गोष्ट करण्यास विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण काय? जाण्याची नोटीस दोन्ही बाजूंस सारख्याच मुदतीची असावी, आणि घर रिकामे झाल्यावर हिशेब करून अनामत परत द्यावी.

भांडण झालेच तर तेही सज्ञानांचे भांडण असावे. मुदत संपूनही भाडेकरू हालत नसेल तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. नळ बंद करणे, विजेची तार काढणे, तो बाहेर गेल्याचे पाहून कुलूप बदलणे, हे उपाय नामर्दपणाचे आहेत आणि मूर्खपणाचेही आहेत. आवश्यक सोयी तोडण्यास कायद्याने मनाई केली आहे. आणि रीतसर मार्ग सोडून बाहेर काढलेल्या मनुष्यास सहा महिन्यांच्या आत दावा करून नुसत्या पूर्वीच्या ताब्याच्या बळावर परत आत येता येते, मग घर कोणाचेही असो. जो मालक आज पाणी तोडतो, तो उद्या न्यायालयात स्वतःच आरोपीच्या जागी उभा असतो, आणि त्याची मूळची न्याय्य बाजूही तोवर मातीमोल झालेली असते.

नागपुरात आज मिहानमध्ये, एम्समध्ये, व्यवस्थापनाच्या आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येत आहेत. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा येथून मुलेमुली पूर्वीही येत होती आणि आजही येतात. या शहराशी त्यांची पहिली ओळख विद्यापीठात किंवा कचेरीत होत नाही; ती कोणाच्या तरी फाटकापाशी, हातात पिशवी घेऊन उभे असताना होते. तेथे त्यांना घराचे भाडे, घराच्या अटी आणि घराची किल्ली यांविषयी बोलणारा मनुष्य भेटावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. त्यांना आईबाप आहेत. त्यांना हवी आहे ती राहण्यास जागा.